घरी वापरलेला फीटल डॉपलर : ठोके ऐकवतो, खुशाली सांगत नाही

पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके घरच्या घरी ऐकवणारा फीटल डॉपलर यंत्र म्हणून नावे ठेवण्यासारखा नाही. तरीही गरोदर लेकीसाठी किंवा सुनेसाठी तो विकत घेण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांना मी तो घेऊ नका असेच सांगेन. आमच्या घरी तो लेकीच्या बाळंतपणापर्यंत होता आणि बऱ्यापैकी वापरला गेला. त्यामुळे त्याचे गुण, त्याच्या मर्यादा आणि त्या मर्यादा विकणारा का सांगत नाही, या तिन्ही गोष्टींबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

लेक सातवा महिना सरताना पुण्याहून नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याकडे आली. तिला सोडायला आलेल्या जावयांनी गोळे कॉलनीत, जिथे नाशिकचा औषधांचा घाऊक बाजार आहे, तिथल्या सर्जिकल साहित्याच्या एका दुकानातून हा डॉपलर घेतला. ते स्वतः पुण्याला परतणार होते आणि तिला काळजी वाटली तर जवळ काहीतरी असावे, इतकाच त्यांचा साधा हेतू होता. किंमत तीन हजारांच्या आसपास पडली. बाजारात साधारण दोन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंतची अशी उपकरणे मिळतात आणि घरगुती वापराच्या बहुतेक उपकरणांची रचना सारखीच असते, म्हणून पेटीवरचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही.

पेटीत तळहातावर मावेल एवढे यंत्र, त्याला वायरने जोडलेला बोटभर लांबीचा प्रोब, इअरफोन आणि जेलची एक छोटी बाटली होती. यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालते. पडद्यावर डाव्या बाजूला लुकलुकणारे हृदयाचे चित्र आणि उजव्या बाजूला मिनिटाला किती ठोके पडत आहेत तो आकडा दिसतो. स्पीकरचा आवाज खोलीभर ऐकू जाईल इतका मोठा आहे, बटणे मऊ आहेत आणि प्रोब हातात नीट बसतो. जेलची बाटली मात्र नावापुरतीच आहे, ती लवकरच संपते. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणारे सोनोग्राफीचे जेल आणावे. घरात आहे म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावू नये. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनिलहरी आत शिरत नाहीत, आणि तो थर राहू नये यासाठीच पाण्यात बनवलेले जेल लागते.

मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे यंत्र हाती आल्यावर ते नेमके काय ऐकवते, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. ऑस्ट्रियातील भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉपलर यांनी १८४२ साली मांडलेल्या तत्त्वावर ते चालते. नाशिक रोड स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, ते हेच तत्त्व. प्रोबमधून साधारण २ ते ३ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येच्या, म्हणजे माणसाच्या कानाला मुळीच ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात जातात. हलणाऱ्या रक्तावर किंवा हृदयाच्या भिंतींवर आदळून त्या परत येतात तेव्हा त्यांची कंपनसंख्या किंचित बदललेली असते, आणि हा फरक काही शे हर्ट्झचा, म्हणजे ऐकू येण्याजोगा असल्यामुळे यंत्र तेवढाच फरक स्पीकरवर वाजवते. तेव्हा आपल्या कानावर पडते ती बाळाच्या हृदयाची धडधड नसून हालचालीवरून यंत्राने तयार केलेला आवाज असतो. हृदयाचा खरा आवाज ऐकायचा तर १८९५ साली फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ अडॉल्फ पिनार यांनी पुढे आणलेले कर्ण्याच्या आकाराचे नळकांडे पोटाला लावून कान द्यावा लागतो. जुन्या सुईणी आणि परिचारिका तेच वापरत असत.

ही बाब कोणाला केवळ शास्त्रीय बारकावा वाटेल, पण घरगुती वापरातली सगळी गफलत इथूनच सुरू होते. पोटात बाळाच्या हृदयाखेरीज पुष्कळ काही हलत असते. आईची महाधमनी, गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, वार (प्लॅसेंटा), नाळ, आतडी, झालेच तर बाळाचे हातपाय, या सर्वांचा आवाज डॉपलर सारख्याच इमानाने ऐकवतो. वारेच्या आणि गर्भाशयाच्या वाहिन्यांतून येणारा आवाज वाऱ्याच्या सुसाट्यासारखा सूं-सूं येतो आणि तो आईच्या नाडीच्या लयीत असतो. नाळेतला आवाज बाळाच्या ठोक्यांच्या लयीत असतो. बाळाच्या हृदयाचा आवाज अधिक ठाशीव आणि जलद असतो. पण हे वाचून समजणे वेगळे आणि रात्री अकरा वाजता घाबरलेल्या मनाने ओळखणे वेगळे. खातरजमेचा एक उपाय आहे, तो म्हणजे प्रोब पोटावर ठेवून त्याच वेळी आईच्या मनगटावरची नाडी पाहणे. दोन्हींची लय जुळली तर ऐकू येते आहे ती आईचीच नाडी. एरवी मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते आणि बाळाचे ठोके ११० ते १६० असतात, म्हणजे घोटाळा व्हायला नको. परंतु घाबरलेल्या बाईची नाडी सहज ११०-१२० पर्यंत जाते, आणि पडद्यावरचा आकडा नेमका तेव्हाच समाधान देणारा दिसतो.

आकड्याबद्दलही सांगायला हवे. प्रोब जरा तिरका झाला की पडद्यावरचा आकडा भलतीकडे जातो. एकदा लेकीच्या पोटावर आवाज स्पष्ट आणि जलद ऐकू येत असताना पडद्यावर ७१ दिसत होते. मी घड्याळ लावून स्वतः मोजले तेव्हा ठोके १४० च्या घरात भरले. यंत्राने दोन ठोक्यांचा एक धरला होता. अशी निमपट किंवा दुप्पट मोजणी या उपकरणांत होऊ शकते, पण सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत तिचा उल्लेख मला सापडला नाही. कानाने मोजण्याची सवय नसलेल्या एखाद्या घरात तो ७१ चा आकडा पाहून काय घबराट उडाली असती याची कल्पना करवत नाही.

ठोके सापडणे हीसुद्धा एक कलाच आहे. साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटात खोल असते, तेव्हा प्रोब जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या टोकाला असलेल्या हाडाच्या, लगत वर ठेवून खालच्या दिशेने वळवावा लागतो, आणि तरीही ठोके न सापडणे अगदी स्वाभाविक असते. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असेल किंवा पोटावर चरबी थोडी जास्त असेल तर आणखी अवघड होते. आठव्या-नवव्या महिन्यात डोके खाली असलेल्या बाळाचे ठोके बेंबीच्या खाली, ज्या बाजूला बाळाची पाठ असेल त्या बाजूला चांगले मिळतात. बाळ पायाळू असेल तर ते बेंबीच्या वर मिळतात. तपासणारी सिस्टर आधी हाताने चाचपून पाठ कुठे आहे ते ठरवते आणि मगच प्रोब ठेवते, म्हणून तिला एका मिनिटात जमते. आपण घरी नुसताच प्रोब फिरवत बसतो. ठोके मिळाले नाहीत की तो आणखी दाबतो, आणि पोटावर लाल वळ उठतात.

लेकीचे डोहाळजेवण आमच्याकडे झाले त्या दिवशी हा डॉपलर सगळ्यांच्या कौतुकाचा विषय ठरला. ओटी भरून झाल्यावर बायकांनी तिला पलंगावर आडवे केले आणि जिला तिला बाळाचा आवाज ऐकायचा होता. माझ्या सासूबाईंनी नव्वदी गाठलेली आहे. त्यांनी इअरफोन कानाला लावले आणि त्यांचे डोळे भरून आले. हा आनंद खरा होता, तो मी नाकारत नाही. परंतु पडद्यावर १५२ दिसताच पलीकडून कोणीतरी "दीडशेच्या वर म्हणजे मुलगी" असे म्हणाले आणि मला तिथल्या तिथे बोलावे लागले. ठोक्यांच्या वेगावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. वेग गर्भाच्या वयाप्रमाणे, हालचालीप्रमाणे आणि झोपेप्रमाणे घटकेघटकेला बदलत असतो, आणि डॉपलर बाळाचे कोणतेही चित्र दाखवत नाही. शिवाय ज्या देशाला १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, त्या देशात गरोदर बाईच्या कानावर असले अंदाज घालणे मला गंभीर वाटते. घरात असे यंत्र असेल तर असे बोलणे निघतेच, ही गोष्ट घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. आठव्या महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आज दुपारपासून बाळ फारसं फिरलंच नाही गं." तिला डाव्या कुशीवर झोपवले, पाणी दिले. तासभर गेला तरी एखादीच पुसट हालचाल जाणवली. तिने डॉपलर मागितला. ठोके लगेच सापडले, आकडा १३८ ते १४४ च्या दरम्यान स्थिर होता. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. फोनवर असलेल्या जावयांनीही आवाज ऐकला आणि "सगळं ठीक आहे, सकाळी जाऊ या का?" असे विचारले. या क्षणासाठीच लोक हे यंत्र विकत घेतात आणि याच क्षणी ते सर्वांत जास्त घात करू शकते. आम्ही सकाळची वाट पाहिली नाही. द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढत तासाभरात तिच्या डॉक्टर मॅडमकडे पोहोचलो.

तिथे लावलेली एनएसटी, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्ट, पाहिल्यावर घरच्या यंत्राला काय जमत नाही ते माझ्या ध्यानात आले. पोटावर पट्ट्यांनी दोन चकत्या बांधल्या, एक ठोक्यांसाठी आणि एक गर्भाशयाच्या आकुंचनांसाठी. हालचाल जाणवली की दाबायचे बटण लेकीच्या हातात दिले आणि निदान वीस मिनिटे सलग आलेख काढला. डॉक्टर नुसता आकडा पाहत नव्हत्या. ठोक्यांची रेघ बारीक बारीक खाली-वर होते का, बाळ हलल्यावर ती उसळी घेते का, मध्येच खाली कोसळते का, हे त्या पाहत होत्या. बत्तिसाव्या आठवड्यानंतर वीस मिनिटांत किमान दोनदा ठोके १५ ने वाढून १५ सेकंद तरी टिकले तर आलेख समाधानकारक मानतात. सुरुवातीला रेघ जवळजवळ सपाट चालली होती, तेव्हाही आकडा १४० च होता. मग बाळ जागे झाले, बटण दाबले गेले आणि रेघ वर चढली. "काकू, ठोके १४० आहेत म्हणजे बाळ जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला त्रास होतोय का, हे रेघेवरून कळतं. प्राणवायू कमी पडत असलेल्या बाळाचे ठोकेसुद्धा बराच वेळ १४० राहू शकतात." नंतर सोनोग्राफीत गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहिला, सर्व ठीक होते, आणि आम्ही रात्री घरी आलो. पुन्हा असे वाटले तर डॉपलर न लावता थेट या, दहा वेळा आलात तरी चालेल, असे त्यांनी लेकीला बजावले.

ही भीती काल्पनिक नाही. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिथल्या डॉक्टरांनी एका गरोदर स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली होती. अडतिसाव्या आठवड्यात तिला हालचाल कमी वाटत होती, परंतु घरच्या डॉपलरवर आवाज ऐकून तिने स्वतःचे समाधान करून घेतले. ती रुग्णालयात पोहोचली तेव्हा बाळ पोटातच दगावलेले होते. तिने ऐकला तो आवाज तिच्या स्वतःच्या नाडीचा किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा असावा, असे त्या डॉक्टरांचे मत होते. तिच्या ठिकाणी आपल्यापैकी कोणीही असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०१४ च्या डिसेंबरमध्ये असे डॉपलर घरी वापरू नयेत असा स्पष्ट सल्ला दिला. अल्ट्रासाउंडमुळे, म्हणजे या ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींमुळे, ऊतींचे तापमान किंचित वाढू शकते आणि काही परिस्थितींत सूक्ष्म बुडबुडे तयार होऊ शकतात. बाळाला यामुळे अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण घरी कोण किती वेळ आणि दिवसातून किती वेळा प्रोब लावून बसेल यावर कोणाचाच ताबा नसतो, असे त्यामागचे कारण. दवाखान्यात मिनिटभरात उरकणारी तपासणी घरी हौसेपोटी अर्धा-अर्धा तास चालते, हे मी माझ्याच घरात पाहिले.

घरी ठेवण्यासारखे यंत्र म्हणजे बाईचे स्वतःचे लक्ष, आणि त्यासाठी तीन हजार रुपये लागत नाहीत. पहिलटकरणीला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल जाणवू लागते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोज एका ठरावीक वेळी, शक्यतो जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली, मग ती लाथ असो, कूस बदलणे असो वा नुसती वळवळ, हे सर्वसाधारण प्रमाण डॉक्टर सांगतात. बाळ मधून मधून वीस ते चाळीस मिनिटे झोपते, त्यामुळे थोड्या वेळाच्या शांततेने घाबरू नये. परंतु आपल्या बाळाची रोजची जी चाल आहे तिच्यात फरक पडला तर दहाचा हिशेबही बाजूला ठेवून त्याच वेळी निघावे. "नववा महिना लागला, जागा कमी, बाळ शांत होणारच" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य चुकीचे आहे. हालचालींचा प्रकार बदलतो, जोरकस लाथांऐवजी सरकणे आणि वळणे जास्त जाणवते, पण हालचाली कमी होत नाहीत. हे वाक्य मी माझ्या बाळंतपणात ऐकले होते आणि लेकीच्या वेळीही शेजारणीकडून ऐकले. ते ऐकून घरी थांबलेल्या बायका किती असतील या विचाराने जीव कासावीस होतो.

रात्री-अपरात्री निघायचे कसे, हा प्रश्न खाजगी गाडी नसलेल्या घरांत असतो. गरोदर मातांसाठी १०२ क्रमांकाची आणि आणीबाणीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, आणि सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीची तपासणी व बाळंतपण २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनाशुल्क होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची विशेष तपासणी असते. हे क्रमांक आणि आपल्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवणे डॉपलरपेक्षा कितीतरी उपयोगी पडेल.

डॉपलर हे उपकरणच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. पेठ, सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यांत, जिथे सोनोग्राफीचे केंद्र लांब आहे, तिथल्या प्रशिक्षित सिस्टरच्या हातात हेच यंत्र मोलाचे आहे, कारण तिला पाठ कुठे, नाडी कोणती आणि कोणत्या आकड्याला पुढे पाठवायचे हे ठाऊक असते. एखाद्या जोखमीच्या गरोदरपणात डॉक्टरांनीच घरी ठोके पाहायला सांगितले, शिकवले आणि नोंदी मागितल्या, तर गोष्ट निराळी. त्या वेळीही कोणते यंत्र घ्यायचे हे त्यांनाच विचारावे. फोनच्या माइकवर ठोके ऐकवण्याचा दावा करणारी फुकट ॲप मात्र कोणीही वापरू नयेत. फोनमधून अल्ट्रासाउंड निघत नाही.

माझी खरी तक्रार विक्रीच्या पद्धतीबद्दल आहे. आमच्या दुकानदाराने जावयांना "रोज सकाळ-संध्याकाळ ऐका, काळजीच मिटेल" असे सांगून यंत्र हातात दिले. बाई कितव्या महिन्यात आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे का, यातले काहीही विचारले नाही. सोबतच्या पुस्तिकेत हे उपकरण वैद्यकीय निदानाची जागा घेऊ शकत नाही असे वाक्य आहे, पण ते शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आहे. विकणारे दुकान नाशिकचे, घेणारी माणसे मराठी, आणि जिवाशी संबंधित असलेली ओळ कोणाच्याही नजरेस पडू नये अशी छापलेली. पुढे मी त्या दुकानात जाऊन एक कागद दिला आणि तो प्रत्येक पेटीत घालण्याची विनंती केली. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहिले आहे : बाळाची हालचाल कमी वाटली तर हे यंत्र लावू नका. दिवस असो वा रात्र, त्याच वेळी दवाखान्यात जा. ठोके ऐकू आले तरी जा.